मागील शिल्लक 14

तुम्ही लिहिलंय, "दर जानेवारीत नवी डायरी आणते. संक्रांतीपर्यंत रोज लिहिते, होळीपर्यंत अधूनमधून, आणि पाडव्याला ती चार्जरच्या वायरींखाली सापडते." पुण्यात खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी, घरात दोन शाळकरी मुलं, सासूबाईंची औषधं. फोनमधली अ‍ॅप्स वापरून झाली, ठिपक्यांच्या कागदाची महागडी वहीही आणून झाली. कागदी वहीवर ज्यांचं खरोखर चालतं ते नेमकं करतात काय, असा तुमचा प्रश्न आहे. शेवटी हेही विचारलंय, की त्या अर्ध्या राहिलेल्या डायऱ्यांचं काय करू.

माझा अधिकार एवढाच, की चौतीस वर्षं माझा पगार वह्यांवर चालला. 1987 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीत लिपिक म्हणून लागले, 2021 मध्ये अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सरकारी कचेरीला लोक नावं ठेवतात आणि पुष्कळदा बरोबरच ठेवतात. पण संगणक नव्हता त्या काळात एकेका टेबलावर महिन्याला दीडदोनशे कागद यायचे, आणि ज्या टेबलाची वही नीट असे तिथला माणूस कुठलाही कागद कुठे अडलाय ते दोन मिनिटांत सांगायचा. ज्याची नसे तो "उद्या या" म्हणायचा. या दोघांच्या हुशारीत काही फरक नसायचा.

आधी माझी चूक सांगते, कारण तीच तुमच्याही वहीत असावी असा मला संशय आहे.

नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. निराधार योजनेचे अर्ज माझ्याकडे होते. एका वाडीवरच्या म्हाताऱ्या बाईचा अर्ज आला, तो मी चौकशी अहवालासाठी तलाठ्याकडे पाठवला, जावक क्रमांक टाकला आणि माझ्या यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली. माझ्या लेखी काम झालं. चार महिन्यांनी बाई कचेरीत आली. पाऊस धो धो, इरलं दाराबाहेर टेकवलेलं, पदराने तोंड पुसत टेबलासमोर उभी. मी ठसक्यात म्हटलं, "आजी, तुमचा कागद मी कधीच पाठवलाय." आमचे अव्वल कारकून, ज्यांना सगळी कचेरी अण्णा म्हणायची, ते शेजारी बसून ऐकत होते. त्यांनी माझी वही ओढली, त्या ओळीवर बोट ठेवलं. "पाठवलं ते दिसतंय. परत आलं का?"

अर्ज तलाठ्याच्या दप्तरातच होता, भलत्याच गठ्ठ्याखाली. म्हातारीचे पैसे चार महिने लांबले, ते माझ्या एका रेघेपायी. अण्णा ओरडले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी मला वही नव्याने लिहायला बसवलं, आणि मी रेघ मारलेल्या ओळींपैकी एकोणीस ओळी परत उघडल्या. एकोणीस.

तुमची यादी काढून बघा. "बँकेला मेल केला", रेघ. "प्लंबरला फोन", रेघ. "क्लासच्या सरांना फीबद्दल विचारलं", रेघ. यातलं झालं काहीच नाही. तुम्ही तुमचं केलंत आणि ते दुसऱ्याच्या दारात जाऊन पडलं. दहा-पंधरा दिवसांनी तोच प्लंबर रात्री अकरा वाजता अंथरुणात आठवतो, वहीत मात्र तो निकाली निघालेला असतो. मग माणसाचा वहीवरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेली वही चार्जरखालीच जाते. आळशीपणाचा यात फारसा संबंध नाही.

आमच्याकडे यावर तोडगा होता, आजही आहे. त्याला सहा गठ्ठे पद्धत म्हणतात. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत प्रत्येक कारकुनाने आपल्याकडचा कागद सहापैकी कुठल्या ना कुठल्या गठ्ठ्यात ठेवायचा. पहिल्यात चालू प्रकरणं, ज्यांत मी आज हात घालू शकते अशी. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन, म्हणजे माझं करून झालंय, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. तिसऱ्यात नियतकालिकं, ठरल्या तारखेला पुन्हा पुन्हा येणारी. चौथ्यात स्थायी आदेश, म्हणजे वारंवार बघावे लागणारे कायमचे हुकूम. पाचव्यात अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्डला पाठवायचे कागद. सहाव्यात नष्ट करायचे. बस्स. सातवा गठ्ठा नाही, आणि "बघू" नावाचा गठ्ठा तर मुळीच नाही.

घरच्या वहीच्या रोजच्या पानांना यातले पहिले दोन गठ्ठे पुरे होतात. वही उघडली की डाव्या पानावर चालू, उजव्या पानावर प्रतीक्षाधीन. डावं पान कुणीही लिहितं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त ओळीला क्रमांक द्या आणि ती कुठल्या तारखेला लिहिली ते टाका.

उजव्या पानावर चार रकाने आखा. कोणाकडे, काय, कधी दिलं, कधी विचारायचं. सोसायटी, गळतीचा अर्ज, 3 जून, 10 जून. पॅथॉलॉजी, सासूबाईंचा रिपोर्ट, 5 जून, 6 जून. सगळा जीव चौथ्या रकान्यात आहे. तिथे "पुढच्या आठवड्यात" लिहिलं की वाट लागली. तारीख हवी, आणि तीही डोकं वापरून टाकलेली. तलाठ्यांची बैठक ज्या दिवशी तालुक्याला असे त्याच दिवसाची तारीख अण्णा टाकायचे, कारण त्या दिवशी माणूस समोर असतो आणि दप्तरही त्याच्या पिशवीत असतं. तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रविवारी सकाळी खाली गाडी धुताना भेटत असतील तर तारीख रविवारचीच टाका, मंगळवारची नको. विचारलं आणि उत्तर नाही मिळालं, तर त्याच ओळीत "स्म. 1" लिहून नवी तारीख. स्म. म्हणजे स्मरणपत्र. "स्म. 3" झालं की समजायचं, हा माणूस असा हलणार नाही, रस्ता बदलला पाहिजे.

डाव्या पानावरची ओळ उजव्या पानावर गेली की डावीकडे रेघ मारायची नाही, बाण काढायचा. रेघ फक्त निकालाला. आम्ही निकाली प्रकरणाच्या अनुक्रमांकाभोवती लाल शाईने गोल करायचो. पान उलटताना ज्या आकड्यांभोवती गोल नाही ते लगेच डोळ्यांत भरतात. लाल पेन एक रुपया जास्तीचा असला तरी घ्या, निळ्या रेघांच्या गर्दीत उरलेलं काम शोधणं हा वेगळाच ताप असतो.

इथपर्यंत सगळे येतात. सुटतं ते पुढे.

कचेरीत दर सोमवारी वहीचा गोषवारा काढावा लागे. चार आकडे असत, फार तर पाच, आणि खाली साहेबांची सही. ती सही घ्यायला जाताना पोटात गोळा यायचा, म्हणून वही चालायची. घरी सही करणारा साहेब नाही. वही मार्चमध्ये सुटण्याचं माझ्या मते हे एकच खरं कारण आहे. कुणी मोजत नाही. मी अजून मोजते. गेल्या रविवारचा माझा गोषवारा असा:

मागील शिल्लक 14. नवीन 9. एकूण 23. निकाली 11. अखेर शिल्लक 12, पैकी प्रतीक्षाधीन 5.

याला दहा मिनिटं लागतात, चहाबरोबर. आता या आकड्यांत काय दिसतं बघा. नवीन नऊ आले आणि अकरा निघाले, म्हणजे आठवडा बरा गेला. बारा शिल्लक, त्यातली पाच दुसऱ्यांकडे, म्हणजे माझ्या हातात सातच कामं आहेत. मनात मात्र पन्नास असल्यासारखं वाटत होतं. हा फरक दर रविवारी मला नव्याने कळतो, आणि त्या रात्री झोप बरी लागते.

तीन रविवार लागोपाठ शिल्लक वाढली तर दोष वहीचा नाही. येणारंच जास्त आहे, कुणाला तरी "मला जमणार नाही" सांगायची वेळ आली आहे. तुमच्यासारख्या नोकरदार बाईला हा आकडा घरात दाखवायलाही उपयोगी पडतो. "मी थकते" यावर कुणी काही बोलत नाही. "माझ्याकडे एकतीस शिल्लक आहेत, त्यातली आठ तुमची आहेत" यावर बोलावं लागतं. माझ्या यजमानांकडे गॅसची नोंदणी आणि गाडीची सर्व्हिसिंग अशीच गेली, ती आजतागायत त्यांच्याकडेच आहे.

गोषवाऱ्यात आणखी एक रकाना असायचा, किती जुनं त्याचा. घरी एवढंच करा: ज्या ओळीला महिना उलटला तिच्याभोवती चौकोन. चौकोनातल्या ओळीला तीनच वाटा. तारीख घालून ठेवा, दुसऱ्याला द्या, नाहीतर "निकाली, करायचं नाही" असं चक्क लिहून लाल गोल करा. मी 2022 मध्ये "पेटी शिकणे" असं निकाली काढलं. आधी वाईट वाटलं. पण वर्षभर प्रत्येक पानावर ते माझ्याकडे बघत होतं, ते थांबलं.

नवीन पान सुरू करताना उरलेल्या ओळी हातानेच पुढे ओढायच्या. हा कंटाळवाणा भाग आहे आणि तो तसाच राहायला हवा. अ‍ॅपमध्ये न झालेलं काम आपोआप उद्यावर सरकतं, त्याचं तुम्हाला काहीच लागत नाही. इथे चौथ्यांदा "माळा आवरणे" लिहिताना हातच विचारतो, की आवरणार आहेस का खरंच? रायडर कॅरोल या अमेरिकन डिझायनरने 2013 साली बुलेट जर्नल नावाची वही लिहायची पद्धत लोकांसमोर ठेवली, त्यातही हेच आहे. न झालेलं काम पुढच्या महिन्यात हाताने लिहून न्यायचं, आणि लिहून नेण्याच्या लायकीचं नसेल तर खोडायचं. भाचीने मला ते दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अगं, ही तर आमची मागील शिल्लक. मूळ पद्धत साधीच आहे, रंगीत पट्ट्या, फुलं आणि मनःस्थितीचे तक्ते नंतर लोकांनी चढवले. तुमची महागडी वही त्या सजावटीनेच मारली. पान सुंदर असलं की त्यावर घाईत खरडायला जीव होत नाही, आणि कामं तर घाईतच येतात.

आता वेळेबद्दल, कारण प्रश्नात तोही आहे. तहसीलदारांपुढे सुनावण्या असत त्या दिवशीची यादी लागायची, तिला बोर्ड म्हणतात. दिवसभरात होऊ शकतील तेवढीच प्रकरणं बोर्डावर. बाकीच्यांना पुढची तारीख. दिवसाच्या पानाकडे मी तसंच बघते. आदल्या संध्याकाळी, ऑफिसमधून निघायच्या आधी, डाव्या पानावरून चार कामं दुसऱ्या दिवसाच्या बोर्डावर घ्या. चारच. तुमच्या नोकरीत महिनाअखेरीला दोनच घ्या. सकाळी उठून बोर्ड लावू नका, सकाळी माणूस फार आशावादी असतो.

आणि बोर्डाखाली रोजनामा लिहा. रोजनामा म्हणजे त्या तारखेला प्रकरणात प्रत्यक्ष काय घडलं त्याची नोंद, पक्षकार हजर, वकील गैरहजर, मुदत मागितली, वगैरे. घरी एका ओळीत भागतं. "बँक जुळवणी 10.15 ते 12.40, मध्ये तीन फोन." दोन आठवडे एवढंच लिहा, बाकी काही बदलू नका. मी निवृत्तीनंतर हे घरी करून पाहिलं तेव्हा कळलं, की "पटकन बाजारातून येते" हे माझं काम सरासरी दीड तासाचं होतं आणि मी त्याला अर्धा तास धरत होते. रोज एक तास जातो कुठे याचं उत्तर मला त्या ओळीत मिळालं. तुमचं उत्तर तुमच्या ओळीत मिळेल.

नियतकालिकांना वहीत जागाच देऊ नका, ती भिंतीवर बरी. तुमचं काम अकाउंट्सचं, तेव्हा 7 तारखेला टीडीएसचा भरणा, 11 ला जीएसटीचं जीएसटीआर-1 विवरणपत्र, 15 ला पीएफ आणि ईएसआयसी, 20 ला जीएसटीआर-3बी, हे दर महिन्याला डावीकडच्या पानावर नव्याने लिहून काय मिळणार? कालनिर्णय 1973 पासून निघतंय, आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या बायका त्याच्या चौकटीत दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहीत आल्या आहेत, ती काही वेडी पद्धत नव्हे. घरपट्टी, विम्याचा हप्ता, सासूबाईंना पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, सगळं दिनदर्शिकेवर लाल पेनाने, तारखेच्या तीन दिवस आधीच्या चौकटीत. आमच्याकडे मे महिना आणि गणपती ही अशीच नियतकालिकं होती. मुंबईचा चाकरमानी चार दिवसांसाठी गावी येणार आणि त्याला दोन दिवसांत सात-बारा हवा असणार, हे काही दरवर्षी नव्याने कळण्याची गोष्ट नव्हती. तरी अर्धी कचेरी दरवर्षी दचकायची.

स्थायी आदेश म्हणजे वहीची शेवटची आठ-दहा पानं, जे वारंवार शोधावं लागतं ते. गॅसचा ग्राहक क्रमांक, मुलांच्या चपलांची मापं, सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या आणि केव्हा. पासवर्ड आणि पिन तिथे लिहू नका.

फोन टाकून द्या असं मी म्हणत नाही. साडेचारला मुलीला आणायचं असेल तर त्याला गजर हवा, वही काही वाजत नाही. शेवटची काही वर्षं आमच्याकडेही फायली संगणकावर आल्या, आणि कागद शोधणं खरंच सोपं झालं. पण प्रलंबित किती ते संगणक आपणहून दाखवायला लागल्यावर लोकांनी त्या आकड्याकडे बघणं सोडलं, हेही मी पाहिलं. स्वतःच्या हाताने 23 वजा 11 केलं की बारा हा आकडा आपला होतो.

वही कुठली घ्यावी यावर लोक फार वेळ घालवतात. शिवलेली घ्या, स्प्रिंगची नको, स्प्रिंगमध्ये डावं आणि उजवं पान सलग राहत नाही आणि पान फाडायचा मोह होतो. आकार पर्समध्ये मावेल असा. कचेरीतलं दोन क्वायरचं रजिस्टर टेबलाला शोभतं, बसमध्ये नाही. कागद 60 जीएसएमपेक्षा पातळ असेल तर जेल पेन मागे उमटतं, तेव्हा बॉलपेन. कोकणात मी जेल पेन कधीच वापरलं नाही, जुलैत एक ओला हात लागला की आठवडा वाहून जायचा. तारखा छापलेली डायरी मात्र घेऊ नका. चार दिवस लिहायचं राहिलं की ती चार कोरी पानं तोंड वर करून बघत राहतात, आणि त्या लाजेनेच माणूस पाचव्या दिवशी उघडत नाही. साध्या वहीत खंड पडला तरी पुढच्या ओळीवर आजची तारीख टाकून सुरू करता येतं. आठवड्याला चार पानं धरली, दोन चालू-प्रतीक्षाधीनची आणि दोन बोर्डाची, तर 200 पानी वही मागची पानं सोडून अकरा महिने जाते.

राहिल्या तुमच्या जुन्या डायऱ्या. रेकॉर्डला पाठवताना आम्ही कागदांना वर्ग द्यायचो. अ म्हणजे कायम जतन, ब तीस वर्षं, क-1 दहा वर्षं, क पाच वर्षं आणि ड एक वर्ष. त्या पाचही वर्गांची घरी गरज नाही, पण एका दुपारी सगळ्या डायऱ्या घेऊन बसा. हिशेबाची, करारमदाराची, डॉक्टरांनी सांगितलेल्याची पानं वेगळी काढून तारीख टाकून फाइलला लावा. माझ्या सासूबाईंच्या वहीत 1978 चा आंब्याचा हिशेब आहे, पेट्या किती, दलालाने किती कापले, आणि खाली "धाकट्याला ताप" एवढंच. ती मी अ वर्गात टाकली आहे. बाकी ड.

आणि त्या डायऱ्यांत कोरी पानं भरपूर उरली असतील. छापील तारखांवर काट मारा आणि पहिला महिना त्यांवरच काढा. पाच गोषवारे झाले की नवी वही घ्या, शक्यतो मेअखेर, शाळेच्या वह्यांचा माल दुकानात आलेला असतो तेव्हा डझनाच्या भावात एक सुटी देतात.